आईसाठी असिस्टेड लिव्हिंग: दोन ठिकाणं बघून आलो, ठरत मात्र नाहीये

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आई ८१ वर्षांची. बाबा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, एकटी राहते. हे तिचंच ठरवणं होतं आणि तिने ते निभावलंही. दीड महिन्यापूर्वी रात्री बाथरूमला जाताना पडली. हाड मोडलं नाही. पण फोन पलंगाशी आणि ती दाराशी. सकाळी कामाला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवून वाजवून शेवटी मला फोन केला, तोवर ती फरशीवरच. साधारण साडेचार तास. मी पोचल्यावर तिचं पहिलं वाक्य होतं, "आधी ओरडू नकोस."

आमच्या घरी आणावं तर आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दोघंही सकाळी आठ ते संध्याकाळी सात बाहेर. दादा परदेशात. रात्रीपुरती मदतनीस ठेवून पाहिली. दोन आठवडे टिकली, आणि आईच्या म्हणण्यानुसार "तिला उठवायला मलाच उठावं लागायचं".

तर गेल्या दोन रविवारी दोन जागा पाहिल्या. पहिलीचा दर्शनी भाग हॉटेलसारखा. फुलं, गालिचा, मंद संगीत. दुसरी साधी, भिंतींचा रंग उडालेला. चांगलं काय वाटलं: दोन्हीकडे बाथरूममध्ये आधाराचे दांडे, पलंगाशी बेल, औषधं वेळेवर देणारं माणूस, आणि आईला बोलायला तिच्या वयाची माणसं. खटकलं काय: दुपारी चार वाजता बारा-पंधरा जण टीव्हीसमोर ओळीने बसवलेले, त्यातले निम्मे झोपलेले. खोलीत पलंग, एक कपाट, एक खुर्ची. पन्नास वर्षांचा संसार एका कपाटात कसा मावायचा? आणि पहिल्या ठिकाणी ज्यांनी आम्हाला फिरवलं, त्यांना वाटेत भेटलेल्या एकाही आजी-आजोबांचं नाव माहीत नव्हतं.

आईचं डोकं शाबूत आहे. वॉकर घेऊन चालते. आंघोळीला मदत लागते, दिवसाच्या नऊ गोळ्या आहेत. ज्यांनी हा निर्णय घेतलाय, किंवा घ्यायचं टाळलंय, त्यांनी खरं ते लिहा. चकचकीत माहितीपत्रकं माझ्याकडे भरपूर आहेत.

---

उंबरठा

आधी शब्दांचा घोळ सोडवू, कारण याच घोळात माणसं चुकीच्या जागी पैसे भरतात. सीनियर लिव्हिंग म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेली घरं. तिथे तुम्ही स्वतंत्र, मदत गृहीत नाही. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे स्वतःची खोली, जेवण, साफसफाई आणि रोजच्या कामांत माणसाचा हात. त्यापुढे शुश्रूषा केंद्र, जिथे चोवीस तास नर्सिंग लागतं. आणि स्मृतिभ्रंशासाठीचा विभाग वेगळा, बंद दारांचा. तुमच्या वर्णनावरून आई दुसऱ्या गटात बसतात, पण वर्णनावर विसंबू नका.

१९६३ मध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा कामांची एक मोजपट्टी मांडली, ती अजून वापरात आहे: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतः जेवणं. साधारणपणे आंघोळ सगळ्यात आधी सुटते आणि जेवणं सगळ्यात शेवटी. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी दुसरी यादी केली, फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार अशी. पहिल्या यादीतली एक-दोन कामं अडत असतील तर असिस्टेड लिव्हिंगचा विचार रास्त. फक्त दुसऱ्याच यादीतली अडत असतील तर घरी मदत वाढवून भागतं.

आठवडाभर वही ठेवा. कधी, कशाला, किती वेळ मदत लागली. "खूप करावं लागतं" असं नाही, तर "मंगळवार, रात्री २.१०, उठून बसवलं" असं. मग बोलू.

---

रोखठोक

कितीही गोड इंग्रजी नाव द्या, वृद्धाश्रम तो वृद्धाश्रम. आईने तुम्हाला लहानपणी पाळणाघरात टाकून पाट्या नाही टाकल्या.

---

मधली_सून

रोखठोक, सात वर्षं सासूबाईंचं मी केलं. शेवटची तीन पूर्ण अंथरुणावर. तेव्हा घरातली जी माणसं "आपली माणसं, आपलं घर" म्हणायची, त्यांना बेडपॅन कोणत्या कपाटात असतं हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मायेने माणूस उचलला जात नाही, पाठीने उचलला जातो. माझी पाठ गेली. आणि खरं सांगू? शेवटी शेवटी मी त्यांच्यावर खेकसायचे. त्या पाण्याला सुद्धा हाक मारेनाशा झाल्या, मला त्रास नको म्हणून. घरात राहिल्या, एवढंच.

सांजवेळ, मी जागा वगैरे पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे तिथलं काही सांगू शकत नाही. पण "घरी" हा शब्द उच्चारताना घरातलं नेमकं कोण, हे आधी विचारा.

---

रोखठोक

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते. माझा मुद्दा एवढाच की सोय म्हणून केलेल्या गोष्टीला काळजीचं नाव देऊ नये.

---

नाइट_ड्यूटी

मी परिचारिका. अशाच एका ठिकाणी सहा वर्षं काम केलं, त्यातली चार रात्रपाळीची. नाव सांगणार नाही, विचारू नका. आतून दिसतं ते लिहिते.

सगळ्यात आधी एक गैरसमज. तिथे गेल्यावर माणूस पडायचं थांबत नाही. पासष्टीपुढच्या माणसांत दर वर्षी साधारण तिघांतला एक जण पडतो, मग तो कुठेही राहो. आमच्याकडेही पडायचे. फरक पडतो तो पडल्यावर पडून राहण्यात. तासापेक्षा जास्त वेळ फरशीवर पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, अंगाखालचे स्नायू दबून मोडायला लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, कातडीवर जखमा होतात. तुमच्या आईंचे साडेचार तास निभावले हे नशीब. म्हणून मला विचाराल तर तिथली सगळ्यात मोलाची वस्तू पलंगाजवळची बेल. पण बेल भिंतीवर असून उपयोग नाही, ती ऐकून कोण किती वेळात येतं ते बघायचं.

त्यामुळे जागा बघायला रविवारी सकाळी जाऊ नका. रविवारी सकाळी सगळं छान असतं. रात्री आठनंतर जा, न सांगता. आत घेत नसतील तर तेही उत्तरच. विचारा: रात्री किती माणसं जागी असतात? "असतात" नव्हे, "जागी". किती रहिवाशांमागे? त्यातली प्रशिक्षित नर्स किती, की नर्स फक्त फोनवर? माझ्या वाईट रात्री मी आणि एक मदतनीस मिळून तीन मजले सांभाळलेत. दोन बेला एकदम वाजल्या की कोणती आधी, हे मी ठरवायचे, आणि कधीकधी चुकायचे.

दुसरं, माणसं टिकतात का. आंघोळ घालणारी मदतनीस वर्षात चार वेळा बदलली तर तुमच्या आईला चार वेळा नव्याने उघडं व्हावं लागतं. याच्याइतकी अपमानाची गोष्ट कोणी माहितीपत्रकात लिहीत नाही. मदतनीसांनाच विचारा, "ताई, इथे किती वर्षं झाली?" तीन जणींनी "दोन महिने" म्हटलं तर निघा.

तिसरं, वेळापत्रक. संस्था वेळापत्रकावर चालते, ते अटळ आहे. आंघोळी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, जेवण लवकर, दिवे लवकर बंद. पाळी बदलायच्या आत सगळे अंथरुणात गेले तर आमचं काम सोपं, हे खरं आहे. जो माणूस आयुष्यभर रात्री बारापर्यंत वाचत बसलाय त्याला साडेआठला झोपवलं की तो पहाटे तीनला टक्क जागा होतो. मग "झोप लागत नाही" म्हणून गोळी. मग गोळीच्या गुंगीत उठताना पडतो. हे चक्र मी डोळ्यांनी पाहिलंय. झोपेच्या कित्येक गोळ्या म्हातारपणी टाळाव्यात म्हणून १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी यादी केली होती, ती डॉक्टर मंडळी अजून सुधारून वापरतात. आईंच्या नऊ गोळ्या कुठेही हलवायच्या आधी डॉक्टरांपुढे एकदा ओता आणि प्रत्येकीचं कारण विचारा.

चांगलंही सांगते. औषधं वेळेवर पोटात जातात, घरी जात नाहीत, हे शंभर घरांतलं शंभर खरं. लघवीचा संसर्ग होऊन माणूस एकाएकी असंबद्ध बोलायला लागला, तर घरचे "वय झालं" म्हणतात, आम्ही तपासणीला पाठवायचो. आणि एकाकीपणा. एक आजी आल्या तेव्हा दिवसाला दहा वाक्यं बोलायच्या नाहीत. चार महिन्यांनी शेजारणीशी भांडण करून टेबल बदलून मागितलं. भांडण करायला माणूस मिळालं, म्हणून मला इतका आनंद झाला होता.

---

हिशेबी

वरचा प्रतिसाद जपून ठेवलाय. मी फक्त आकड्यांबद्दल बोलतो, रक्कम नाही, रचना.

घरी चोवीस तास माणूस ठेवणं "स्वस्त पडेल" असं सगळ्यांना वाटतं. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं तर साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण, अचानक न येणं धरलं तर चार-साडेचार. शिवाय त्यांच्या पाळ्या लावणारं, भांडणं मिटवणारं, बदली शोधणारं एक बिनपगारी माणूस, म्हणजे तुम्ही. मदत दिवसाचे तीन-चार तासच लागत असेल तर घर नक्की स्वस्त. मदत रात्रीची लागत असेल तर हिशेब उलटतो, कारण रात्री पाच मिनिटांच्या कामासाठी आठ तासांचं माणूस लागतं. संस्थेत ती पाच मिनिटं तीसजणांत वाटली जातात. त्यांचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता करार. मी वडिलांच्या वेळी चार करार वाचले, पाठीची पानं आधी वाचायला शिकलो.

जाहिरातीतला आकडा म्हणजे खोली आणि जेवण. मदतीचे पैसे वेगळे, पायऱ्यांनी वाढणारे. पायरी कोण ठरवतं? तेच. दर किती महिन्यांनी, आणि तुम्हाला मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, हे लिहून घ्या. अनामत किती परत मिळते, कशातून काय कापतात आणि किती दिवसांत देतात. माणूस महिनाभर रुग्णालयात असेल तर खोलीचं भाडं पूर्ण की अर्धं. दरवाढ वर्षाला किती, वरची मर्यादा आहे का. डायपर, रुग्णालयात सोबत जाणारं माणूस, फिजिओ, यातलं काय धरून आणि काय वरून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: कोणत्या परिस्थितीत ते तुम्हाला जायला सांगू शकतात. याला बहुतेक जण "तशी वेळ येणार नाही हो" म्हणून पान उलटतात.

---

कोरा_कागद

तशी वेळ आमच्यावर आली.

अण्णांना ठेवलं तेव्हा ठणठणीत होते, फक्त गुडघे. वर्षभर इतके छान राहिले की मी चारजणांना त्या जागेची शिफारस केली. मग विसरायला लागले. एका संध्याकाळी फाटकाबाहेर सापडले. आठवड्याने पत्र आलं, तीस दिवसांत दुसरी सोय करा, आमच्याकडे स्मृतिभ्रंशाचा विभाग नाही. करारात होतं. मी सही केली होती. ज्या माणसाला नवी जागा समजणं सगळ्यात अवघड, त्यालाच नव्या जागी न्यायचं. तिथे पहिले दोन महिने ते रोज संध्याकाळी पिशवी भरून दाराशी बसायचे.

मला राग संस्थेचा कमी, स्वतःचा जास्त आला. आज जे लागतंय त्याची जागा मी शोधली. तीन वर्षांनी जे लागेल त्याचा विचारच केला नाही. एकाच आवारात पुढची पायरी असेल तर त्याला वजन द्या, मग भिंतींचा रंग उडालेला का असेना.

आणखी एक. २०२० मध्ये अशा जागांची दारं जगभर बंद झाली. आम्ही अण्णांना काचेतून बघायचो. संसर्ग आत शिरला की अशा ठिकाणी तो झपाट्याने पसरतो, त्यामुळे त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण दार उघडायचा अधिकार आपल्या हातात राहत नाही, ही गोष्ट सही करण्यापूर्वी कुणी बोलून दाखवत नाही.

---

खिडकीजवळचा

इथे सगळे आई-बाबांबद्दल बोलतायत. मी बाबा पक्षातला. वय ७७, गेली दोन वर्षं असिस्टेड लिव्हिंगमध्ये, स्वतःच्या निर्णयाने. मुलगा अजून रुसलेला आहे.

चांगलं काय ते माझ्या दृष्टीने सांगतो. माझ्याकडे कोणी बघत नाही. मुलाच्या घरी होतो तेव्हा मी खोकलो तरी तीन माणसं दारात यायची, आणि मी हसलो तर का हसलो विचारायची. इथे मी हवं तेव्हा दार लावतो. रोज संध्याकाळी पत्ते. मुलगा-सून येतात ते गप्पा मारायला येतात, माझी औषधं मोजायला नाही.

वाईट काय. एक, दारावर टकटक आणि दार उघडणं एकाच क्षणी होतं. मी पहिले सहा महिने याच गोष्टीसाठी भांडलो. आता टकटक करून पाच आकडे मोजतात. कधीकधी तीन. दोन, बोलण्याची भाषा. "आजोबा, आज आपण आंघोळ करायची ना?" आपण? पस्तीस वर्षं इंजिनियरिंगचे वर्ग शिकवले हो मी. तीन, खुर्च्या. जेवणाच्या टेबलावरची एखादी खुर्ची सकाळी रिकामी असते. दुपारी तिथे दुसरं कोणी. आमच्याकडे आता निदान फलकावर नाव लिहितात, पूर्वी तेही नव्हतं. म्हाताऱ्यांना मरणाबद्दल सांगू नये असं तरुणांनाच वाटतं.

१९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी एका शुश्रूषा केंद्रात प्रयोग केला होता. एका गटाला एकेक रोप दिलं, म्हणाले तुमचं तुम्ही सांभाळा, शिवाय छोट्या छोट्या गोष्टी तुमच्या तुम्ही ठरवा. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण पाणी कर्मचारी घालायचे. पहिला गट जास्त तरतरीत आणि हिंडता-फिरता राहिला. (पुढच्या पाहणीतल्या मृत्यूच्या आकड्यांत गणिताची चूक निघाली, तेव्हा "रोप लावा, जास्त जगा" असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.) मुद्दा रोपाचा नाहीच. जागा बघायला जाल तेव्हा खोलीत एखादी मरायला टेकलेली कुंडी दिसते का बघा. दिसली तर बरं. तिला पाणी घालायचं कोणीतरी रहिवासीच विसरलंय. सगळ्या कुंड्या सारख्या टवटवीत असतील तर मला शंका येते.

सांजवेळ, तुमच्या पूर्ण धाग्यात आईचं एकच वाक्य आहे, "आधी ओरडू नकोस". जागा बघायला त्या आल्या होत्या का?

---

सांजवेळ

नव्हत्या. म्हणजे नव्हती. तिला त्रास नको म्हणून आम्ही दोघंच गेलो होतो. हे टाइप करताना कसंतरी होतंय.

उंबरठा, वही ठेवली. आठ दिवस आईकडेच राहायला गेले. मला वाटत होतं तिला "दिवसभर" मदत लागते. वहीत निघालं की अकरा वेळा मदत लागली, त्यातल्या सात रात्री नऊ ते सकाळी सहामध्ये. दिवसा आंघोळ सोडली तर तिचं ती करते. मी मात्र आठ दिवस दिवसभर मागे मागे फिरत होते.

धागा तिला वाचून दाखवला. सगळा. रोखठोक यांच्या प्रतिसादाला म्हणाली, "हा मुलगा आईजवळ राहतो का विचार." खिडकीजवळचा यांच्या प्रतिसादाला काही बोलली नाही, फक्त पाच आकड्यांचा भाग परत वाचायला सांगितला. मग थोड्या वेळाने, "तिथे बाथरूमच्या दाराला आतून कडी असते का?"

दोन जागा, तीन तास, दोन पानी प्रश्नावली. हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

---

रोखठोक

आई माझ्याजवळ राहते. माझ्याजवळ म्हणजे बायकोजवळ. प्रश्न पोचला.

---

पाऊलखूण

मी फिजिओ. हलवायच्या आधी दोन गोष्टी घरीच करून बघा. खुर्चीतून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं, याला किती सेकंद लागतात मोजा. वॉकर घेऊनच. बारा सेकंद किंवा जास्त म्हणजे पडण्याचा धोका. दुसरं, आडवं असताना रक्तदाब मोजा, उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर रात्री उठताना चक्कर येण्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल, आणि त्यावर उपाय असतात. पलंग ते बाथरूम रस्त्यावर पायाशी दिवा, कमोडची उंची, हाताचे दांडे, मदत बोलवायचं गळ्यातलं बटण. एवढ्यावर काही जणांची दोन-तीन वर्षं घरी निघतात.

आणि कुठेही गेल्या तरी पहिले तीन महिने वाईटच जातील हे गृहीत धरा. झोप उडते, भूक जाते, माणूस गप्प होतो. जागा बदलल्याच्या या ताणाला नर्सिंगच्या भाषेत स्वतंत्र निदानाचं नाव आहे. त्या काळात राहतं घर विकू नका. भाड्याने पण देऊ नका.

कडीबद्दल: आतून बंद होणारी पण बाहेरून नाण्याने किंवा किल्लीने उघडता येणारी कडी मिळते. "सुरक्षेसाठी कडीच नाही" म्हणणारी जागा आळशी आहे.

---

नाइट_ड्यूटी

कडीचा प्रश्न विचारणाऱ्या रहिवाशांची मला काळजी वाटायची नाही. रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये मांडलेली एक कल्पना आहे, डिग्निटी ऑफ रिस्क, धोका पत्करायचा मान. घरचे लोक आमच्याकडून शंभर टक्के सुरक्षितता मागायचे. ती द्यायची एकच रीत आहे, माणसाला खुर्चीतून उठूच द्यायचं नाही. जी संस्था "आमच्याकडे कोणी पडतच नाही" म्हणते, तिथे माणसं चालतात का ते बघा.

---

हिशेबी

अल्पकालीन राहण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. महिनाभर ठेवून बघा. अनामत भरायच्या आधी. महिन्याचा दर चढा लावतील, तरी तो तुम्ही वाचवलेला पैसा समजा.

---

सांजवेळ

उशिरा लिहितेय, क्षमस्व.

खुर्चीची चाचणी: २१ सेकंद. रक्तदाब उभं राहिल्यावर २४ ने उतरला. डॉक्टरांनी दोन गोळ्या बंद केल्या, एकीची वेळ बदलली. त्यामुळे सध्या सात. दिवा आणि दांडे लावले. एवढं केल्यावर मला वाटलं, राहील घरी. आईच म्हणाली, "दिवसा राहीन. रात्री मी झोपत नाही गं, पुन्हा पडले तर म्हणून." हे तिने मला दीड महिन्यात सांगितलं नव्हतं. वहीत मी तिच्या रात्रीच्या सात हाका लिहिल्या होत्या. त्यातल्या किती नुसत्या मी आहे ना हे बघायला होत्या, देव जाणे.

दुसऱ्या, रंग उडालेल्या जागी तिला घेऊन गेलो, रात्री साडेआठला. आधी नाही म्हणाले, मग व्यवस्थापक स्वतः आल्या. दोन माणसं जागी होती, बावीस रहिवाशांमागे. नर्स रात्री फोनवर, सकाळी सातला हजर. एक मदतनीस तिथे नऊ वर्षं आहे. पुढची पायरी त्याच आवारात आहे, पण दहाच खाटा, आणि खाट मिळेलच असं लिहून द्यायला तयार नाहीत. कडी नव्हती. आईने सांगितलं, कडी बसवलीत तर महिनाभर येते.

बसवली. आज एकोणीस दिवस झाले. घर तसंच कुलूप लावून ठेवलंय, स्वतःची खुर्ची आणि शिवणाचं यंत्र तिने नेलं. जेवण तिला आवडत नाही, रोज सांगते. शेजारच्या खोलीतल्या बाईंचा रेडिओ आवडत नाही. पहिला आठवडा फोनवर हो-नाही एवढंच बोलायची, आता तक्रारी करायला लागली आहे, आणि मी ऐकते. झोप कशी आहे विचारलं तर म्हणाली, "लागते." दादाला मात्र अजून पटलेलं नाही, तो म्हणतो तू घाई केलीस. असेल.

एक गोष्ट डाचते. तिने रात्री दोनदा बेल दाबली. वहीत वेळ लिहून ठेवली आहे, आता तीच लिहिते. पहिल्यांदा चार मिनिटांत आले. दुसऱ्यांदा बावीस. महिना संपायला अकरा दिवस आहेत आणि गुरुवारी व्यवस्थापकांना भेटायचंय. बावीस मिनिटांबद्दल कसं बोलावं? मदतनीस मुलीची नोकरी जावी असं आईला नको आहे.

---

नाइट_ड्यूटी

मुलीबद्दल बोलूच नका. त्या रात्री किती बेला वाजल्या आणि किती माणसं पाळीवर होती, ते विचारा. नोंद असते. नसेल तर मग तेच बोला.

---

खिडकीजवळचा

आणि आईंना सोबत न्या. वही त्यांच्या हातात असू दे.